गाव कोणतं?

हॉस्टेलमध्ये पहिल्या दिवशी नावाच्याही आधी विचारला जाणारा प्रश्न कोणता, हे तुम्हाला सांगायला नको. "गाव कोणतं?" पोरगा चंदगडचा आहे की चाळीसगावचा हे कळल्याशिवाय रूम पार्टनरला झोप येत नाही. एकदा गाव कळले की बोलण्यातला हेल, डब्यातली चटणी, जेवणाची वेळ, सगळ्याचा उलगडा होतो. मागच्या पावसाळ्यात हाच प्रश्न मी एका सायकलीच्या फ्रीव्हीलला विचारला. उत्तर मिळवायला तीन आठवडे गेले, दोन सबमिशन लांबली आणि नखांतले ग्रीस अजून पुरते निघालेले नाही.

माझे आजोळ वेल्हे तालुक्यातले. सरकारी कागदांवर आता राजगड तालुका झाला आहे, पण एसटीत तिकीट मागताना तोंडात अजून वेल्हेच येते. मार्गासनीवरून साखरच्या रस्त्याला आत गेले की मामाची वाडी लागते. मामेबहीण दहावीत. शाळा साडेपाच किलोमीटर. सकाळची गाडी सापडते, संध्याकाळची सापडेलच असे नाही. म्हणून मामाने दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून तिला एक सायकल आणून दिली. २० इंची चाके, जाड टायर, उंच हँडल आणि त्यात मधोमध आडवा दांडा. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, गिअर नाही. आपण जिला बीएमएक्स म्हणतो तीच.

जूनच्या शेवटी, भर पावसात, वाडीकडच्या चढावर ती उभी राहून पायडल मारत होती आणि पायडल एकदम रिकामे फिरले. तोंडावर आपटली. हनुवटीला तीन टाके पडले. मी आजोळी पोचलो तेव्हा सायकल भंगारात घालायची हे मामाने ठरवलेच होते. मामी म्हणत होती, "वर्षभर आत्याकडं ठेवू तिला." आत्याकडे म्हणजे आमच्या घरी. मामेबहीण काहीच बोलली नाही. संध्याकाळी मी निघालो तर सायकल धुऊन पुसून अंगणात उभी. "दादा, तू मेकॅनिकलला आहेस ना?" एवढेच म्हणाली.

मित्रांनो, सात सेमिस्टरच्या ओरलमध्ये मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारलेला नाही.

सायकल जीपच्या टपावर बांधून नसरापूर, कापूरहोळ करत भोरला आणली. भोरच्या बाजारात एक जुने सायकलचे दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीकाकांनी मागचे चाक उचलून पायडल पुढे-मागे केले, कान लावून ऐकले आणि म्हणाले, "फ्री गेलीय. कुत्रे धरंनात."

"नवीन मिळेल?"

"हिचं गाव कंचं ते कळल्याबिगर कसं सांगू?"

फ्रीव्हीलवर गंजाखाली 'जपान' एवढेच वाचता येत होते. बाकीची अक्षरे झिजून गेली होती.

पुढे जाण्याआधी थोडी उजळणी करू. पायडलची ताकद चाकापर्यंत नेणारे तीन भाग. पुढे क्रँक आणि त्यावरचे मोठे दातेरी चक्र, मधे चेन, मागे फ्रीव्हील. फ्रीव्हीलचे काम दुहेरी असते. पायडल मारले की चाक ओढायचे आणि पाय थांबले की चाकाला मोकळे फिरू द्यायचे. त्याच्या बाहेरच्या कड्याला आतून करवतीसारखे तिरपे दात असतात. आतल्या गाभ्यावर दोन छोट्या खुंट्या असतात, त्यांना दुकानात कुत्रे म्हणतात. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना दातांवर दाबून धरते. पुढे ओढले की कुत्रे दाताला चावतात, मागे सुटले की घसरत टकटक करतात. उतारावर सायकल जो गोड आवाज करते तो त्यांचाच.

काकांनी फ्री उघडली. वरचे झाकण उलट्या आट्यांचे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. हे का, तर उतारावर आतला गाभा पुढे पळतो आणि बाहेरचे कडे मागे राहते. त्या ओढीने झाकण सैल न होता घट्ट व्हावे म्हणून. आतून बारीक छर्रे आणि गुळाच्या काकवीसारखे ग्रीस निघाले. एका कुत्र्याची स्प्रिंग तुटलेली, दुसऱ्याचे टोक गोल झालेले. काकांनी तार वाकवून नवी स्प्रिंग केली, कानसने टोक धारदार केले. राजवाड्यापर्यंत चक्कर मारली तेव्हा ठीक वाटले. उभे राहून जोर दिला आणि पुन्हा पाय रिकामा गेला. या वेळी मी सावध होतो म्हणून हनुवटी वाचली. आता नवी फ्री घालण्यावाचून इलाज नव्हता आणि नवी घालायची तर जुनीचे गाव शोधणे आले.

सुरुवात चेनपासून केली, कारण तिचा पत्ता सर्वांत स्पष्ट आहे. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. भारतात मेट्रिक पद्धत येऊन साठ-सत्तर वर्षे झाली, पण चेन अजून इंचातच बोलते. जेम्स स्लेटरने १८६४ मध्ये इंग्लंडात चेनचे पेटंट घेतले, ते कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी. १८७९ मध्ये त्याचा धंदा हान्स रेनॉल्ड नावाच्या मँचेस्टरला स्थायिक झालेल्या स्विस माणसाने विकत घेतला आणि १८८० मध्ये त्याने बुश रोलर चेन काढली. आधीच्या चेनमध्ये पिनेचा सगळा भार पत्र्यासारख्या पातळ पट्टीवर यायचा, त्यामुळे भोके लवकर मोठी व्हायची. रेनॉल्डने पिनेभोवती नळी घातली आणि नळीवर फिरता रोलर बसवला. भार रुंद जागेवर पसरला, घासणे कमी झाले. स्ट्रेंथच्या पेपरात बेअरिंग प्रेशरचे गणित सोडवताना आपण जे करतो तेच. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने मागचे चाक चेनने फिरवणारी रोव्हर सायकल आणली. आज आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवर जी काही उभी आहे तिचा सांगाडा त्याच रोव्हरचा वंशज. मामेबहिणीच्या सायकलीची चेन कुठल्या कारखान्यात बनली हे मला कळले नाही, पण तिचे माप मात्र इंग्लंडचेच निघाले.

क्रँकचे गाव वेगळे. आपल्या नेहमीच्या सायकलीला मधे आस आणि दोन्ही बाजूंना कॉटर पिन ठोकून बसवलेले दोन क्रँक असतात. या सायकलीला कॉटरच नाही. डावा क्रँक, आस आणि उजवा क्रँक मिळून एकच लोखंडी दांडा, इंग्रजी झेड अक्षरासारखा वाकवलेला. असा एकसंध क्रँक १८९० च्या दशकात शिकागोच्या विल्यम फॉबरने चालवला. पुढे अमेरिकेत त्याचे नावच 'अॅशटाब्युला' पडले, कारण ओहायो राज्यातल्या त्या गावची एक कंपनी ते घडवत असे. ही कंपनी मुळात घोडागाड्यांच्या टपाचे सामान करणारी. घोडागाड्या गेल्या, पण लोखंड तापवून ठोकण्याची कला हातात राहिली.

हा क्रँक जड, पण स्वस्त आणि आडदांड. अमेरिकेत तो लहान मुलांच्या सायकलींना बसला. १९६३ मध्ये श्विन कंपनीची २० इंची स्टिंग-रे आली. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरे मोटोक्रॉसच्या शर्यती पाहून तसल्याच उड्या या सायकलींवर मातीत मारू लागली. मोटरसायकल घ्यायला पैसे नाहीत, मग मडगार्ड काढा, चेनकव्हर काढा, तोंडाने इंजिनाचा आवाज काढा. आपणही लहानपणी हेच केले आहे, फक्त त्याला नाव दिले नाही. त्यांनी दिले: बायसिकल मोटोक्रॉस, म्हणजे बीएमएक्स. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या मोटरसायकलवरच्या माहितीपटाच्या सुरुवातीला अशी पोरे दिसतात आणि तो पाहून हे वेड देशभर पसरले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यतच झाली.

उड्या वाढल्या तशा खेळण्यातल्या सायकली मोडू लागल्या. मग १९७४ पासून रेडलाइनसारख्या कंपन्यांनी क्रोमोली स्टीलच्या नळ्यांचे फोर्क, पुढे तसलेच नळीचे क्रँक बनवायला सुरुवात केली. आज शौकीन लोक जुन्या बीएमएक्सचे म्हणून जे भाग शोधत असतात ते या काळातले. गिअर मात्र कोणी लावले नाहीत. धक्क्याने चेन उतरते, नाजूक यंत्रणा वाकते. पुढे एक चक्र, मागे एक फ्री, संपला विषय. बहुतेक वेळा ४४ आणि १६ दात.

या १६ दातांच्या चांगल्या फ्री जपानहून यायच्या. त्यातही मोठा वाटा ओसाकाजवळच्या साकाई शहराचा. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानात बंदूक पोचली आणि नंतर साकाईचे लोहार बंदुका घडवण्यात तरबेज झाले. सुऱ्या तर ते आजही करतात. बंदुकांचे दिवस संपले, सायकली आल्या आणि दुरुस्तीतून सुटे भाग बनवण्याचा उद्योग उभा राहिला. १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी साकाईतच छोटा कारखाना काढला. त्यांचा पहिला माल कोणता? फ्रीव्हील. आज जगभर गिअरसाठी माहीत असलेल्या शिमानोचा जन्म दोन कुत्र्यांच्या जिवावर झाला आहे. मायेदा कंपनीची सनटूर हीदेखील त्याच भागातली आणि बीएमएक्सवाल्यांची लाडकी.

आता माझा प्रश्न असा, की जपानी फ्रीच्या जागी भोरमध्ये काय मिळणार? काकांकडे लुधियानाची फ्री होती, साध्या काळ्या सायकलीला बसते ती. मी ती नुसती बघून नको म्हणालो. काका म्हणाले, "इंजिनेर, बघून कळतं व्हय? मोज की!"

मोजण्यासाठी आधी जुनी फ्री काढायला हवी. ती हबवर आट्यांनी बसते आणि प्रत्येक पायडलबरोबर आणखी आवळत जाते. तीस-चाळीस वर्षे आवळलेली फ्री सहज कशी सुटेल? तिच्यावर हत्यार घालायला चार खाचा होत्या, पण ते हत्यार भोरमध्ये कोणाकडे नव्हते. शेवटी चाक कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणले. सरांनी आधी माझे जर्नल पूर्ण आहे का ते विचारले, मग व्हाइस दिला. बाहेरचे कडे काढून टाकले, आतला गाभा व्हाइसमध्ये पकडला आणि वरून चाकच ट्रकच्या स्टिअरिंगसारखे दोघांनी डावीकडे ओढले. तिसऱ्या झटक्याला 'कट्' असा आवाज आला. मला वाटले हब गेला. पण फ्री सुटली होती.

व्हर्निअर आणि थ्रेड गेज लावले. हबचे आटे: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. धावत भोरला गेलो आणि लुधियानाची फ्री मोजली. १.३७ इंच, २४ आटे.

तुम्ही म्हणाल, हा योगायोग. नाही. हे माप ब्रिटिश सायकलींचे आहे आणि जगभर पसरवण्यात मोठा हात बीएसएचा. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी यंत्रावर बंदुका बनवण्यासाठी काढलेली कंपनी. तिच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या आहेत. यंत्रावर बनवलेल्या बंदुकीचा फायदा हा, की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसतो. सैन्याची मागणी थंडावली की यंत्रे रिकामी, म्हणून १८८० च्या दशकात तिथे सायकली आल्या आणि भाग अदलाबदल करता येण्याची शिस्तही बरोबर आली. क्रँकच्या आसेचे कप फ्रेममध्ये ज्या आट्यांनी बसतात, त्यांना आजही जगभर बीएसएचे आटे म्हणतात. तेही १.३७ इंच आणि २४ च. साकाई आणि बर्मिंगहॅम, दोन्ही बंदुकांची गावे. जपान्यांनी इंग्रजी सायकली दुरुस्त करता करता त्यांची मापे उचलली.

आपल्याकडे हीच मापे सरळ आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. मद्रासमध्ये १९४९ साली इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स निघाली. हर्क्युलस आणि बीएसए तिच्याच. १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलास, १९५२ मध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो. लुधियानाच्या गल्ल्यांत छोट्या कारखान्यांतून फ्री, चेन, पायडल असे सुटे भाग बनू लागले. कारखान्यांचे पुढे काय झाले ते पहा. हिंद सायकल्स आणि सेन-रॅलेचे १९८० मध्ये कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले, तरी त्या सायकली टिकल्या नाहीत. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये थांबला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. बर्मिंगहॅमची बीएसए तर १९७० च्या दशकातच कोसळली. पण त्यांच्यामागे उरलेल्या मापाची फ्री भोरच्या दुकानात खिळ्याला टांगलेली होती.

काकांनी ती हातानेच हबवर फिरवली. एक, दोन, तीन वेढे, लोण्यासारखी गेली. साकाईच्या जागी लुधियाना बसले.

एक गोष्ट मात्र बसली नाही. पडताना डावे पायडल वाकले होते. काकांच्या ड्रॉवरमधली नेहमीची पायडले ९/१६ इंचाची आणि आपला अमेरिकन क्रँक मागतो अर्ध्या इंचाचे. इथे बर्मिंगहॅम कामाला येत नाही. मग काकांनाच आठवले, की आपल्याकडच्या पहिली-दुसरीतल्या पोरांच्या सायकलींनाही असाच एकसंध क्रँक असतो. तसली जोडी माळ्यावर निघाली. डावे पायडल बसवताना लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. का, ते बघायचे तर मूठ सैल करून त्यात पेन्सिल धरा आणि पेन्सिलीचे टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेला घरंगळते. भाराखाली पायडलची आस क्रँकच्या भोकात असेच करते. उजवीकडे त्याने साधे आटे आवळतात, डावीकडे तेच सुटले असते.

शेवटचे गणित चढाचे. जुनी फ्री १६ दातांची, नवी १८ ची. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, गुणिले २० इंची चाक म्हणजे ५५ इंच, त्याला पायने गुणले की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.३९ मीटर जाते. १८ दातांवर हेच अंतर ३.९० मीटर. म्हणजे पायावरचा जोर सुमारे ११ टक्क्यांनी कमी. मामाच्या २८ इंची सायकलीला ४४ आणि १८ दात आहेत, ती एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर जाते. मामा चढावर उतरून का चालतो आणि पोरगी बसून का जाते, याचे उत्तर यात आहे. सपाटीवर तिला पाय जास्त मारावे लागतील हे खरे, पण वेल्ह्यात सपाटी आहेच किती? दोन दात वाढले तरी चेन कापावी-जोडावी लागली नाही, चाक फक्त पाव इंच पुढे सरकवले. जाता जाता काकांनी चाकाचा आऊट काढून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सायकल वाडीला पोचवली. मामाने स्वतः आधी ती चढावर नेली. ८० किलोचा माणूस २० इंची सायकलवर उभा राहून जोर लावतोय हे दृश्य बघायला अख्खी वाडी जमली होती. चार वेळा गेला, चार वेळा आला. उतरल्यावर मला काही म्हणाला नाही, पण मामीला म्हणाला, "ऱ्हाऊ दे हितंच." मामेबहीण सोमवारी शाळेत गेली. हनुवटीवरचा व्रण अजून आहे.

आपल्या हॉस्टेलच्या स्टँडमागे, पास होऊन गेलेल्या सिनिअर्सच्या सात सायकली गंजत पडल्या आहेत, मी मोजल्या. रेक्टर सर परवानगी देतील तर एका रविवारी बसू. हत्यार फक्त १२ इंची स्टीलची पट्टी. चेनच्या एका पिनेवर शून्य ठेवा आणि चोविसावी पुढची पिन बघा. बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन तरुण आहे. १/१६ इंच पुढे गेली तर बदला. १/८ इंच गेली तर चेनबरोबर दातही गेलेत, फ्रीही बदला. सातांतून चार तरी उभ्या राहतील असा माझा अंदाज आहे. राहिलेल्या तिघींचे भाग त्यांना उपयोगी पडतील, कोणत्या कंपनीच्या आहेत हे बघायचीसुद्धा गरज नाही. उभ्या राहतील त्या कोणाला द्यायच्या, तो पत्ता माझ्याकडे आहे. मामेबहिणीच्या वर्गातल्या आणखी पाच मुली त्याच चढाने चालत येतात.